वरची मूठ

फिलिप,

परवा वाचनालयाच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. तू नव्हतास हे बरं झालं. तू पहिल्या दहा मिनिटांत उठून मागे पंख्याखालची खुर्ची शोधली असतीस. कुणी तुला वसईचं भूषण म्हणालं, कुणी ग्राहकांचा कैवारी. एकाने न्यायदेवतेच्या हातातला तराजू म्हटलं आणि त्यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. अध्यक्षांनी तुझं आडनाव दोनदा चुकवलं, पण भाषण आवरलं नाही. मला बोलायला उठवलं तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवर आला. खरं म्हणजे माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं आणि ते त्या माईकवर सांगण्यासारखं नव्हतं.

ते असं, की अकरा वर्षं मी एका दुकानाबद्दल तुझ्याशी खोटं बोललो. तू दर खेपेला एका शब्दात विचारायचास, मी एका शब्दात उत्तर द्यायचो आणि ते उत्तर खोटं असायचं. तू जाईपर्यंत मी ते दुरुस्त केलं नाही. शोकसभेत तुझ्या सचोटीवर पाऊण तास भाषणं झाली आणि मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. म्हणून हे लिहितोय.

आपली ओळख रद्दीमुळे झाली. विरारला राहायला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. वाचनालयाची सहा महिन्यांची वर्तमानपत्रं रद्दीवाला मोजत होता आणि मी ग्रंथपाल या नात्याने आकडे लिहून घेत होतो. तू कोपऱ्यात पेपर वाचत बसला होतास. उठलास, पेपर नीट घडी करून ठेवलास, वजनाचं पारडं उचललंस आणि त्याच्या बुडाला चिकटवलेला मेणाचा गोळा मला दाखवलास. आवाज चढवला नाहीस. एवढंच म्हणालास, "हे काढा आणि पहिल्यापासून मोजा." रद्दीवाल्याचा चेहरा बघून मला कळलं की हा माणूस साधा वाचक नाही. मी विचारल्यावर तू म्हणालास, वजनमापे निरीक्षक. मी म्हणालो, हे पद फक्त नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतं असं मला वाटत होतं. तुला ते आवडलं. तू खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे धरलीस. संत्र्याची गोळी. चाळिशी उलटलेला सरकारी माणूस गोळ्या बाळगतो याचं मला नवल वाटलं, पण मी घेतली आणि कडकन चावली. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी पुस्तकातलं पान फाडलं होतं.

गोळ्यांच्या बाबतीत तुझी अडचण मोठी होती. अर्नाळ्यापासून कामणपर्यंतचा प्रत्येक दुकानदार तुला लांबून ओळखायचा. तू दारात दिसलास की एक माणूस काटा पुसायला लागायचा, दुसरा बरणीत खालपर्यंत हात घालून ताज्या गोळ्या काढायचा, आणि पारडं जमिनीला टेकेपर्यंत भरायचा. कुठल्या दुकानातली गोळी चांगली हे तुला कधी कळणारच नव्हतं, कारण तुला खरी गोळी कुणी विकतच नव्हतं. राजेरजवाड्यांची ही अडचण असते असं मी वाचलं होतं. तालुक्याच्या निरीक्षकाचीही असते हे तू सांगितलंस तेव्हा कळलं.

मग आपण ती पद्धत काढली. रविवारी तू चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून, इस्त्रीच्या शर्टातच, स्कूटरवरून माझ्या बिल्डिंगखाली यायचास. दुकान दिसायच्या आधीच, एखाद्या वळणावर किंवा विहिरीच्या आडोशाला, स्कूटर थांबायची. तू म्हणायचास, "ग्रंथपाल, उतरा." मी एकटा चालत जायचो. गोळ्या दोनशे ग्रॅमच घ्यायच्या, कमी नाही, कारण कमी मागितलं की दुकानदार अंदाजाने देतो असा तुझा अनुभव. मी पुडी घेऊन परत आलो की तुझा पहिला प्रश्न ठरलेला: "माप?" मी सांगायचो, बरोबर, किंवा काटा एका बाजूला ओढत होता, किंवा वजनाऐवजी दगड होता. मग एकेक गोळी तोंडात. आणि ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायचं तर अजिबातच नाही. चावली तर तू मत मोजायचा नाहीस.

या नियमामुळे आपली निम्मी मैत्री गप्प बसण्यात गेली. मी बोलका माणूस. पुस्तकांत राहणाऱ्यांना आपलं मत लगेच सांगायची घाई असते. तू मला दर रविवारी चार-पाच वेळा सात-सात मिनिटं गप्प बसवलंस. घरी ते कुणाला जमलं नव्हतं.

मिठाईच्या दुकानांकडे तू बघायचाही नाहीस. म्हणायचास, वर्ख लावलेल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, आणि मिठाईवाला खोकं मिठाईच्या भावाने विकतो. गोळीला वर्ख नसतो, खोकं नसतं. मला हे तत्त्वज्ञान जरा जास्तच साधं वाटायचं. गोळीवाला साखरेत काय घालतो हे तुला काय ठाऊक, असं मी म्हणायचो. तू म्हणायचास, ते दुसरं खातं बघतं.

तुळिंजला त्या चाळीतल्या खोलीत भिंतीला मोठा आकडा ठोकलेला होता. नवरा-बायको गरम पाकाचा लोळा त्यावर टाकून ओढायचे, दुमडायचे, पुन्हा ओढायचे, आणि पिवळा पाक हळूहळू चांदीसारखा पांढरा व्हायचा. मी अर्धा तास तिथेच उभा राहिलो होतो आणि तू वळणावर उन्हात. परत आल्यावर मी सगळं वर्णन केलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, तू मला गोळी आणायला पाठवलं होतंस, बघायला नाही. मी म्हणालो, वाक्य उलटं झालं. तू म्हणालास, मला माहीत आहे, ऊन लागलंय. अर्नाळ्याच्या त्या दुकानात गोळ्यांच्या बरणीशेजारी सुक्या बोंबलांची टोपली होती. लिंबाच्या गोळीला असा काही वास होता की मी थुंकली, आणि तू शेवटपर्यंत चघळलीस आणि प्रामाणिकपणे मत दिलंस: लिंबू कमी. चिंचोटीला पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर एकाने गोळ्या विकायला ठेवल्या होत्या. दमटपणाने बरणीतला सगळा माल एकजीव झाला होता. त्याने बरणी वाकडी करून ती ढेप बाहेर काढली, बत्त्याने फोडली आणि दोनशे ग्रॅमचा एकच तुकडा मला दिला. माप अगदी बरोबर होतं. तो तुकडा आपण स्कूटरच्या सीटवर ठेवून किल्लीने तोडायचा प्रयत्न केला. विरार स्टेशनसमोर आरसे लावलेलं ते नवं दुकान निघालं तेव्हा मी मुद्दाम तुला सांगितलं की आत वातानुकूलन आहे आणि गोळी इंग्रजीत बोलते. तू म्हणालास, मग मी बाहेरच बरा.

आणि मग मथुराबाई.

आगाशी सोडून अर्नाळ्याच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला ओटीवरच दुकान. तीन बरण्या: लिंबाच्या, बडीशेपेच्या आणि आल्या-गुळाच्या. पहिल्या दोन बाहेरून आलेल्या, तिसऱ्या ती स्वतः करायची. त्या काळपट, ओबडधोबड गोळीचं मी वर्णन करत नाही, कारण तू मला ते कधी करू दिलं नाहीस. पहिल्या रविवारी ती गोळी तोंडात ठेवल्यावर तू आपल्या नेहमीच्या सात मिनिटांनंतरही बोलला नाहीस. स्कूटर सुरू केलीस. निर्मळच्या तळ्यापर्यंत आलास आणि तिथे म्हणालास, "शोध संपला म्हणायला हरकत नाही. पण चालू ठेवू."

मथुराबाई सत्तरीच्या पुढची. मला म्हणायची, "कोनाचा रं तू? दर ऐतवारी येतस, घरात पोरं किती हायेत?" मी एक मुलगी सांगितल्यावर ती म्हणाली, "येक पोर आन् येवढ्या गोळ्या? दातांचा डागतर हायेस काय?" तिचा तराजू हातात धरायचा, पितळी. एका पारड्यात दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन, दुसऱ्यात गोळ्या. पारडं समतोल झालं की ती गोळ्या कागदात ओतायची, आणि मग बरणीत हात घालून वरून एक मूठ टाकायची. न बघता, न मोजता.

तिसऱ्या रविवारी मी ते वजन उलटं करून बघितलं. हे तूच शिकवलं होतंस. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरतात, शिशावर खात्याचा शिक्का असतो. शिसं नसेल तर शिक्का नाही, आणि वजन हलकं. मथुराबाईच्या वजनाचं भोक रिकामं होतं. आत आल्याचा वाळलेला चोथा होता. तिने बघितलं आणि म्हणाली, "ते पडलं कवाच. आलं ठेचताना." म्हणजे ती वजनानेच आलं ठेचत होती. आपल्या लाडक्या गोळीतलं आलं सरकारमान्य दोनशे ग्रॅमखाली चिरडलेलं होतं.

मी पुडी घेऊन वळणावर आलो. तू म्हणालास, "माप?"

मी म्हणालो, "बरोबर."

का बोललो ते आता सांगतो. आपली ओळख झाली त्याच सुमारास तुझ्या मेव्हण्याच्या किराणा दुकानाची हकिकत मी ऐकली होती. तू सख्ख्या मेव्हण्यावर खटला भरलास, त्याची वजनं जप्त केलीस, त्याला दंड झाला. त्यानंतर तुझ्या मुलीच्या लग्नाला मामा आला नाही. मामाशिवाय लग्न तुमच्याकडे कसं दिसतं हे मला गावातल्या तिघांनी वेगवेगळं सांगितलं. तू स्वतः या विषयावर कधी एक अक्षर बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. मी धरून चाललो की जो माणूस मेव्हण्याला सोडत नाही तो मथुराबाईला सोमवारी सकाळी नोटीस देईल. दिल्यावर तुला वाईट वाटेल, तरीही देईल. लोकांनी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवण्याबद्दल माझी वाचनालयात ख्याती आहे. ही मात्र मी जशीच्या तशी घेतली.

पहिल्यांदा मी तिच्यासाठी खोटं बोललो. पुढे कुणासाठी, हे सांगणं कठीण आहे. मला रविवार हवे होते, फिलिप. शहर चहूबाजूंनी वाढत होतं, मिठागरं आणि भातखाचरं जाऊन इमारती उभ्या राहत होत्या, आणि आपण दोघं मागच्या रस्त्यांनी गोळ्या शोधत होतो. आगाशीचं दुकान गेलं असतं तर तू पुढच्या रविवारीही आला असतास. मला तेव्हा त्याची खात्री नव्हती.

आता त्या वादाबद्दल. तो तू काढायचास, आणि आगाशीहून परत येतानाच काढायचास, हे मला फार उशिरा लक्षात आलं. म्हणायचास, समज, एखाद्या दुकानदाराचं माप कमी आहे पण तो वरून मूठभर घालतो, तर गिऱ्हाइकाला पुरं मिळालं का? मी म्हणायचो, मिळालं, कधी कधी जास्तच मिळालं. तुझं म्हणणं असं, की मूठ ही त्याची मर्जी आहे आणि माप हा आपला हक्क आहे. हक्काच्या जागी मर्जी आली की माणूस दुकानदाराच्या तोंडाकडे बघत राहतो. मी म्हणायचो, तुझ्या कायद्याला माया कळत नाही. तू म्हणायचास, माया कळते, पण तिला शिक्का मारता येत नाही. मी म्हणायचो, मग सगळ्या आयांवर खटले भर, त्या वाटीने वाढतच नाहीत. तू हसायचास आणि वाद अर्धा सोडायचास. पंधरा दिवसांनी पुन्हा तिथूनच.

ज्या माणसाने तीस वर्षं वजनं हाताळली त्याच्या तळहाताला दोनशे ग्रॅम किती हे कळत नसेल? माझ्या पुडीत दोनशेपेक्षा जास्त आहे, हे तुला पहिल्याच रविवारी कळलं असणार, आणि वरून घालणाऱ्याचं वजन तपासावं लागतं, हेही. आणि तरी मी "बरोबर" म्हणत होतो. तू वाद घालत नव्हतास. तू मला दार उघडून देत होतास, आणि मी उंबऱ्यावर उभा राहून मायेवर भाषण करत होतो.

मग तू निवृत्त झालास. तो समारंभही आठवतो. उंच पाठीच्या खुर्चीत तुला बसवलं होतं. शाल, श्रीफळ, आणि एक भिंतीवरचं घड्याळ. तू ते हातात घेतल्या घेतल्या आपल्या मनगटाकडे बघितलंस आणि माझ्या कानात म्हणालास, चार मिनिटं पुढे आहे. खाली उतरल्यावर तू म्हणालास, आता मी कुणी नाही. आता मी दुकानात आत येणार. येत्या रविवारी, सगळ्यांत आधी आगाशी.

निवृत्त झालास तरी तू वजन उलटं करून बघणारच, आणि अकरा वर्षांचं खोटं ओटीवर उघडं पडणार. शनिवारी मी विरारच्या बाजारातून नवं, शिक्का मारलेलं दोनशे ग्रॅमचं वजन घेतलं आणि एकटा आगाशीला गेलो. मथुराबाईला सांगितलं, जुनं झिजलंय, हे वापरत जा. तिने एका हातात जुनं आणि एका हातात नवं धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "ह्ये पुरं हाय." मग जुनं आल्याच्या पाट्याजवळ ठेवलं आणि नवं तराजूत. मला वाटलं, सुटलो.

रविवारी तू ओटीवर चढलास तेव्हा मुलगी बघायला आलेल्या माणसासारखा अवघडला होतास. मथुराबाईने विचारलं, हा कोन. तू म्हणालास, "याचा मित्र. तुमच्या गोळ्या मीच खातो." ती म्हणाली, "मंग इतके दिवस भायर काय करीत हुतास?" तिने दोनशे ग्रॅम मोजल्या. पारडं केसभरही इकडेतिकडे नाही. गोळ्या कागदात ओतल्या, पुडी बांधली आणि तुझ्या हातात दिली. मी बरणीकडे बघत राहिलो. मूठ आली नाही.

तू पुडी तळहातावर ठेवून एक क्षण उभा राहिलास. वळणावर आलो. तू "माप?" विचारलं नाहीस, कारण या वेळी तुझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. गोळी तोंडात टाकायच्या आधी म्हणालास, "आज काहीतरी कमी आहे."

मी म्हणालो, "माप तर तुझ्यासमोर झालं."

"तेच म्हणतोय," तू म्हणालास आणि किक मारलीस.

मी बुधवारी पुन्हा तिच्याकडे गेलो. मूठ का नाही घातली, म्हणून विचारलं. तिला प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाली, "आता वजन पुरं हाय नव्हं? जुनं हलकं हुतं, हाताला कळायचं, म्हनून वरती घालत हुते. आता कशाला?" म्हणजे ती मूठ मर्जी नव्हती, फिलिप, आणि मायाही नव्हती. ते तिचं माप होतं. शिसं पडलं तेवढं ती रोज हाताने भरून देत होती, आणि चुकून कमी पडू नये म्हणून जरा जास्तच. अकरा वर्षं आपण दोघं त्या मुठीवर वाद घातला आणि दोघंही चुकलो. तू आणि मथुराबाई एकाच मुशीतून निघालेली माणसं. तुमच्यात शंभर पावलांचं अंतर होतं आणि ते मी राखलं. हे तुला त्याच संध्याकाळी येऊन सांगायला हवं होतं. तू किती हसला असतास. पण हे सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं.

त्यानंतर आपण आगाशीला कमी जायला लागलो. त्याचं कारण दोघांपैकी कुणीच काढलं नाही. दोन वर्षांनी मथुराबाई गेली. तिच्या नातवाने ओटी काढून शटर बसवलं.

तुझा शेवटचा महिना. तू व्हरांड्यात आरामखुर्चीत, पायांवर चादर, समोर केळीची बाग. मी तुळिंजहून गोळ्या आणल्या होत्या. तू एक हातात घेतलीस आणि तोंडात न घालता बोटांत फिरवत राहिलास. मग अगदी सहज म्हणालास, "आगाशीच्या बाईचं वजन नवं होतं रे."

मी म्हणालो, "असेल."

"जुनं कुठे गेलं?"

"मला काय माहीत."

तू माझ्याकडे बघत थांबलास. गोळी विरघळायला लागते तितका वेळ थांबलास असं मला आता वाटतं. मग म्हणालास, "बरं," आणि केळीवरच्या रोगाबद्दल बोलायला लागलास. मी रोगाबद्दल दहा प्रश्न विचारले. त्याबद्दल मला इतकं कुतूहल त्याआधी कधी नव्हतं, आणि नंतरही नाही.

काल मी तुझ्या घरी गेलो होतो. शोकसभेने तुला मानपत्र दिलंय, चौकटीसकट, आणि ते तुझ्या बायकोकडे, रेजिनाकडे, पोचवायचं काम माझ्यावर आलं. तिने वाचलं नाही. कपाटावर ठेवा म्हणाली. कपाटावर जागा करायला मी एक लाकडी पेटी बाजूला सरकवायला गेलो, ती हलेना. रेजिना म्हणाली, "ती उतरवा एकदाची. आता कोनाला देऊ ते तुमीच सांगा."

पेटीत वजनं होती. पन्नास ग्रॅम, शंभर, दोनशे, पाचशे. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी, चिठ्ठीवर तुझं अक्षर: एक नाव, एक गाव. भाजीवाली, सोपारा. मासळीवाली, पाचूबंदर. एक नुसतंच "म्हातारे आजोबा, कामण". रेजिनाने सांगितलं, की फिरतीवर कुणा गरिबाचं वजन शिसं पडलेलं दिसलं तर तू त्याला आपल्याजवळचं चांगलं वजन वापरायला द्यायचास, ते जुनं घरी आणायचास, रविवारी दुपारी स्वतः दुरुस्तीवाल्याकडे नेऊन शिसं भरून घ्यायचास, शिक्का मारून परत द्यायचास. रविवारी दुपारी, म्हणजे मला घरी सोडल्यानंतर. ही पेटीतली वजनं म्हणजे ज्यांचे मालक घ्यायला उरले नाहीत, किंवा जी परत नेऊन देणं तुझ्याच्याने झालं नाही, ती.

मी विचारलं, मग तुमच्या भावाचं काय. ती म्हणाली, "त्याचं ह्यांनी तीनदा भरून आनलं. चवथ्यांदा त्यानं आपल्या हातानं कोरलं. गावाला चवथं तेवढं ठाऊक."

मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. मथुराबाई, आलं, नवं वजन, सगळं. तुझ्याआधी तिला. शेवटी ती म्हणाली, "तुमी नुसतं सांगायचं तरी. त्याच दिवशी खिशात घालून आनलं असतं त्यांनी." रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

पेटी पुन्हा भरताना मी एकेक चिठ्ठी वाचली. आगाशीची नव्हती. कशी असणार? तुझ्या आणि त्या वजनाच्या मधे दर रविवारी मी उभा होतो.

मला तुझ्या कठोरपणाचा अभिमान होता, हे खरं तर मी लपवत आलो. असा मित्र असणं मिरवण्यासारखं होतं. परवाच्या सभेत ज्यांनी तुला तराजू म्हटलं त्यांना मी मनात हसलो, पण मीही तुला पितळेचाच केला होता, फक्त माईकशिवाय. सख्ख्या मित्राला तरी विचारून बघावं, हे मला सुचलं नाही. आणि तू आपणहून सांगणाऱ्यांतला नव्हतास.

तरी ते रविवार खोटे नव्हते, एवढं मला म्हणू दे. तुझ्यामुळे मला वस्तू उलटी करून बुडाशी बघायची सवय लागली. माणसांच्या बाबतीत ती लागली नाही, हा दोष शिकवणाऱ्याचा नाही. अजूनही रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालतो, आणि मग कुठे जायचं हे न कळून खिडकीशी बसतो. गोळी आता मी चावत नाही. ती संपेपर्यंत बोलायलाही कुणी नसतं.

तेव्हा आता नीट उत्तर देतो. आगाशीच्या दुकानातलं दोनशे ग्रॅमचं वजन, बुडाला शिसं नाही, शिक्का नाही. हलकं होतं. मला तिसऱ्या रविवारपासून माहीत होतं आणि मी अकरा वर्षं ते दडवलं. बाईचा दोष नाही, तिने रोज भरून दिलं. दोष माझा आहे आणि मला सबब नाही. काय कारवाई करायची ती कर. फक्त तुझा एक शिरस्ता मला रेजिनाने काल सांगितला, की नोटीस तू कधी टपालाने पाठवली नाहीस. कुणाचीही असो, स्वतः घरी जाऊन, समोर बसून, हातात द्यायचास.

मी घरीच असतो.